गट चालतात, मग धंदे का उभे राहत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : चार वर्षांत १४ बचतगट, सुमारे पावणेदोनशे बायका, बचत नियमित, कर्जाची परतफेड शंभर टक्के. दोनदा व्यवसाय-प्रशिक्षणही झालं. तरी आज मोजायला बसल्यावर स्वतःच्या धंद्यावर घराला खराखुरा हातभार लावणाऱ्या बायका ११ निघाल्या, आणि त्या मुळातच बऱ्या परिस्थितीतल्या. आता कर्जाची रक्कम वाढवावी, आणखी प्रशिक्षण द्यावं, की सगळ्या गटांचा महासंघ बांधावा, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं उत्तर : तिन्हींपैकी काहीच नको, निदान आत्ता नको. तुमचं जाळं मजबूत आहे, पण ते वसुलीसाठी विणलेलं आहे. धंद्यासाठी लागणारं जाळं वेगळी कामं करतं. ती कोणती, हे मी खाली सविस्तर लिहिते.

आधी त्या शंभर टक्क्यांबद्दल. तुम्ही तो आकडा अभिमानाने लिहिला आहे, मला तो सगळ्यात काळजीचा वाटला. चार वर्षांत एकही हप्ता चुकत नाही तेव्हा दोनच गोष्टी घडत असतात. एक तर कर्ज धंद्यात गेलेलंच नसतं. घरखर्चात, आजारपणात, जुनं देणं फेडण्यात गेलेलं असतं आणि मजुरीतून फिटत असतं. नाहीतर धंदा इतका बेताचा निवडलेला असतो की त्यात बुडण्यासारखं काही नसतं आणि वाढण्यासारखंही नसतं. खरा धंदा करणारी बाई कधी ना कधी अडखळते. माल पडून राहतो, उधारी अडकते, मूल आजारी पडतं. असा एकही महिना कुणाच्याच वाट्याला आला नाही, यावर मी विश्वास ठेवणार नाही. आला असणार, आणि तेव्हा हप्ता भरायला बाईने काय विकलं किंवा कुणाकडून उसने घेतले, ते तुमच्या रजिस्टरात नाही.

परतफेडीसाठी गटात एकमेकींची हमी घ्यायचा हा प्रकार जगभर पसरला तो बांगलादेशातून. १९७६ मध्ये अर्थशास्त्रज्ञ मुहम्मद युनूस यांनी जोब्रा गावात ४२ जणांना मिळून २७ डॉलर उसने दिले. १९८३ मध्ये त्या कामाची ग्रामीण बँक झाली आणि २००६ मध्ये युनूस आणि बँक दोघांना मिळून शांततेचं नोबेल मिळालं. तोवर पाच जणींचा गट आणि एकीने थकवलं तर बाकीच्यांचं अडतं, ही पद्धत ठिकठिकाणी उचलली गेली होती. गंमत अशी की खुद्द ग्रामीण बँकेने २००२ च्या सुमारास आपली कार्यपद्धती बदलली तेव्हा हा दबाव बाजूला ठेवला. फिलिपिन्समध्ये झेवियर जिने आणि डीन कार्लन या अर्थशास्त्रज्ञांनी तर हे पारखूनच पाहिलं. एका बँकेच्या काही केंद्रांवर एकत्रित हमी काढून टाकली, बैठका मात्र तशाच चालू ठेवल्या. तीन वर्षांनंतरही थकबाकीत फरक पडला नव्हता.

मग माणसाला बांधून काय ठेवतं? कोलकात्यात झालेल्या एका प्रयोगातून याचा अंदाज येतो. काही गट दर आठवड्याला भेटत, काही महिन्यातून एकदा. पुढचं कर्ज सगळ्यांना सारख्याच अटींवर मिळालं. तरी आधी आठवड्याला भेटणाऱ्यांमध्ये ते थकण्याचं प्रमाण स्पष्टपणे कमी राहिलं. त्या एकमेकींच्या घरी जाऊ लागल्या होत्या, अडीअडचणीला एकमेकींना सांभाळून घेत होत्या. म्हणजे काम करते ती भेट. हमीच्या धाकाने उलट एक नुकसान होतं, जे ताळेबंदात कधी दिसत नाही : धाडसाचा धंदा गट करूच देत नाही. ‘तू बुडालीस तर आम्हाला भरावं लागेल’ हे वाक्य बोलायचीसुद्धा गरज नसते. नजरेतून कळतं. मग सगळ्या जणी तेच करतात जे शेजारणीने करून झालेलं आहे.

आता कर्जाची रक्कम वाढवण्याबद्दल. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांतले सूक्ष्मकर्जावरचे, म्हणजे गरिबांना दिल्या जाणाऱ्या छोट्या कर्जांवरचे, काटेकोर अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. सहाही ठिकाणी चित्र साधारण सारखं होतं. कर्जामुळे काहींना मोकळीक मिळाली, काहींचा धंदा थोडा वाढला, पण सरासरी कुटुंब गरिबीतून बाहेर पडलं असं कुठेच आढळलं नाही. कर्ज वाईट, असा याचा अर्थ नाही. कर्ज हे अवजार आहे, आणि ज्या जमिनीत ते चालवायचं ती आधी पाहायला हवी. जमीन न पाहता रक्कम वाढवत गेल्यावर काय होतं, ते आंध्र प्रदेशात २०१० मध्ये दिसलं. तिथे आधीपासून बांधलेल्या गटांवर अनेक कर्जसंस्था एकाच वेळी तुटून पडल्या, एकेका बाईच्या डोक्यावर तीन-तीन, चार-चार कर्जं झाली आणि शेवटी ऑक्टोबरमध्ये सरकारला अध्यादेश काढावा लागला. शंभर टक्के परतफेडीची कीर्ती ऐकून असे लोक तुमच्याकडेही येतील. त्यांना दारातच थांबवणं हे तुमच्या जाळ्याचं पहिलं काम समजा.

कर्जात काही बदल करायचाच असेल तर रकमेत करू नका, हप्त्यात करा. कर्ज घेतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात पहिला हप्ता असेल, तर बाई त्या पैशाचा माल घेऊच शकत नाही. हप्त्यापुरते पैसे तिला हाताशी ठेवावे लागतात. कोलकात्यातच दुसऱ्या एका प्रयोगात काहींना पहिला हप्ता दोन महिन्यांनी भरायची मुभा दिली. तीन वर्षांनी त्यांचं भांडवल आणि नफा, दोन्ही इतरांपेक्षा बरेच जास्त होते. मात्र त्यांच्यात थकबाकीही वाढली, हे लपवून चालणार नाही. धंदा हवा असेल तर थोडी थकबाकी पोटात घ्यावी लागते. तुमच्या देणगीदारांना हे आधी समजावून सांगा, नंतर सांगणं जड जातं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. बाईच्या हातात दिलेला पैसा जातो कुठे?

श्रीलंकेत सुरेश डी मेल, डेव्हिड मॅकेन्झी आणि क्रिस्टोफर वुडरफ या अर्थशास्त्रज्ञांनी अगदी लहान धंदेवाल्यांना काही रक्कम दिली. कर्ज नव्हे, परत न करण्याची. पुरुषांच्या धंद्यात त्या भांडवलावर घसघशीत परतावा दिसला, बायकांच्या धंद्यात सरासरी जवळजवळ शून्य. हा निष्कर्ष पुष्कळांना टोचला. ‘बायकांना धंदा जमत नाही’ असं म्हणायला काही जण टपलेलेच होते. पुढे दुसऱ्या संशोधकांनी भारत, श्रीलंका आणि घानामधली आकडेवारी पुन्हा उघडली, आणि या वेळी घरात आणखी कुणाचा धंदा आहे का तेही पाहिलं. तेव्हा उलगडा झाला. जिथे नवऱ्याचाही धंदा होता तिथे बाईच्या नावाचं भांडवल त्या धंद्यात वळलं होतं. जिथे घरात एकटीचाच धंदा होता तिथे तिचा परतावा पुरुषांच्या तोडीचा होता.

हे वाचून नवऱ्यांवर आग पाखडण्यात अर्थ नाही. घराच्या दृष्टीने विचार केला तर ज्या धंद्यात पैसा जास्त फळतो तिथे तो घालणं हा शहाणपणाच असू शकतो, आणि पुष्कळ बायका ते स्वतःहून करतात. पण मग त्या कर्जाला ‘महिला उद्योग’ म्हणू नका आणि परतफेडीचा बोजा तिच्या एकटीच्या नावावर टाकू नका. आणि जिथे तिला स्वतःचा धंदा करायचा आहे पण पैसा हातातून निसटतो, तिथे जाळ्याने कुंपणाचं काम करायचं.

हे कुंपण बायकांनी आपापल्या परीने फार पूर्वीपासून घातलेलं आहे. भिशी म्हणजे दुसरं काय असतं? नैरोबीच्या किबेरा वस्तीत भिशीसारख्या मंडळांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की त्यात भरणा विवाहित आणि कमावत्या बायकांचा होता, आणि घरात पैसा ठेवला तर तो टिकत नाही हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. बाई दरमहा स्वतःच्या पैशाला जाणूनबुजून कुलूप लावते आणि किल्ली मंडळाकडे देते. आपण बाहेरून ‘आर्थिक साक्षरता’ शिकवायला जातो, तेव्हा ती आपल्यापेक्षा चार पावलं पुढे असते.

या कामात मी शिकलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट सांगते. गटाचा नियम बाईला घरात ‘नाही’ न म्हणता नाही म्हणण्याची सोय करून देतो. दीर पैसे मागतो. ‘देणार नाही’ म्हटलं तर भांडण होतं. ‘गटाचा नियम आहे, हा पैसा मालाशिवाय निघत नाही’ म्हटलं की दीर गटाला शिव्या देतो आणि विषय संपतो. तेव्हा गटाने शिव्या खायला तयार असलं पाहिजे. असे नियम मुद्दाम करा आणि ते घरच्यांना ऐकू जातील असे मोठ्याने वाचा. धंद्याचा पैसा रोखीत न देता मालाच्या किंवा यंत्राच्या रूपात द्या. घानामध्ये हे दोन्ही प्रकार तपासले गेले. रोख रकमेने बायकांचा नफा हलला नाही, वस्तुरूपाने दिलेल्या मदतीने हलला. पण तोसुद्धा ज्यांचा धंदा आधीच थोडा मोठा होता त्यांचाच, ही मेख लक्षात ठेवा. सगळ्यात लहान धंद्यांना वस्तूचाही उपयोग झाला नव्हता.

दुसरी सोय फोनची. युगांडात काही कर्जदार बायकांना कर्ज रोखीने दिलं, काहींना तेवढंच कर्ज त्यांच्या स्वतःच्या मोबाइल खात्यात. खात्यात मिळालेल्यांचा नफा आठ महिन्यांनी सुमारे १५ टक्के जास्त होता. रक्कम तीच, व्याज तेच, फरक एवढाच की नोटा कुणाला दिसल्या नाहीत. केनियात मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय पसरली त्याचा हिशोब २०१६ मध्ये मांडला गेला, तेव्हा सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबं अत्यंत गरिबीतून वर आल्याचा आणि सुमारे १ लाख ८५ हजार बायका धंदा किंवा किरकोळ विक्रीकडे वळल्याचा अंदाज निघाला. म्हणून तुमच्याकडे खातं बाईच्या नावावर आहे की नाही, एवढंच विचारून थांबू नका. त्या खात्याचा संदेश कुणाच्या फोनवर येतो ते विचारा. मी एका ठिकाणी हे विचारलं तेव्हा निम्म्याहून जास्त जणींनी एकमेकींकडे बघत वर केलेला हात हळूच खाली घेतला.

कुंपण झालं. पण नुसतं कुंपण घालून पीक येत नाही, आणि बहुतेक संस्था नेमक्या इथेच थांबतात.

तुमच्या यादीत धंदे पाहिले. शिवणकाम, शिवणकाम, किरकोळ दुकान, शिवणकाम. प्रशिक्षण कशाचं दिलं होतं, हे विचारायची गरज नाही. एकाच वस्तीत वीस जणी शिवायला लागल्या की शिलाई उतरते आणि आधीपासून शिवणाऱ्या दोघींचंही नुकसान होतं. त्या दोघीही गरीबच होत्या. वस्तीतल्या वस्तीत पैसा फिरवून वस्ती श्रीमंत होत नाही. धंदा मोजताना मी आधी एकच गोष्ट विचारते : गेल्या महिन्यात वस्तीबाहेरच्या किती माणसांनी तुझ्याकडून काही घेतलं?

याचं मूळ पुन्हा जाळ्याच्या विणीत आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलेली एक गोष्ट इथे चपखल बसते. नोकरीची, संधीची, नवी खबर माणसाला सख्ख्यांकडून क्वचित मिळते. ती बहुधा तोंडओळखीच्या माणसांकडून येते, कारण सख्ख्यांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊकच असतं. गट हे सख्ख्यांचं जाळं. संकटात त्याच्याइतकं कामाला येणारं दुसरं काही नाही. पण त्यातल्या सगळ्या जणी एकाच बाजारात जातात, एकाच व्यापाऱ्याकडून माल घेतात आणि त्यांची गिऱ्हाइकंही तीच असतात. नवी खबर येणार कुठून?

युगांडातच, कंपाला शहरात, वेल्डिंग, वाहनदुरुस्ती, सुतारकाम अशा ‘पुरुषी’ समजल्या जाणाऱ्या धंद्यांत शिरलेल्या बायकांचा अभ्यास झाला. त्यांची कमाई नेहमीच्या बायकी धंद्यांतल्या बायकांच्या साधारण तिप्पट होती, आणि त्याच धंद्यातल्या पुरुषांच्या बरोबरीची. मग बाकीच्या तिकडे का जात नाहीत? बहुतेकींना कमाईतला हा फरक माहीतच नव्हता. ज्या गेल्या होत्या त्यांच्यामागे बहुधा ओळखीचं कुणीतरी होतं : भाऊ, वडील, मित्र, ज्याने त्या धंद्याची वाट दाखवली. बहुतेक वेळा तो पुरुष होता. आपण बायकांचं जाळं बायकांपुरतंच ठेवतो तेव्हा ही दारं आपणच बंद करत असतो. मला स्वतःला हे मान्य करायला बराच काळ लागला.

म्हणून पुढच्या वर्षभरात तुमचा निम्मा वेळ गटाबाहेर घालवा. ठोक व्यापारी, दवाखाने, शाळा, वसतिगृहं, दुरुस्तीची दुकानं, छोटे कारखाने अशी वस्तीपासून तासाभराच्या अंतरावरची जेवढी ठिकाणं नियमित काही विकत घेतात, त्यांची यादी करा. मात्र ती तुम्ही करू नका, बायकांना करू द्या, जोडी-जोडीने. प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न : तुम्ही काय घेता, कुणाकडून घेता, त्यात काय अडचण येते? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात धंदा असतो. पुरवठादार वेळेवर देत नाही, थोडा माल देत नाही, परत घेत नाही. एका गटाने अशी पन्नासेक ठिकाणं पालथी घातली. त्यातून चार धंदे निघाले, आणि चारपैकी एकही आमच्या प्रशिक्षणाच्या यादीत नव्हता.

जोडी-जोडीने हे मी उगाच लिहिलं नाही. अहमदाबादच्या ‘सेवा’ या स्वयंरोजगार करणाऱ्या बायकांच्या संघटनेचं नाव तुम्हाला माहीतच असेल. इला भट्ट यांनी ती १९७२ मध्ये उभी केली आणि दोनच वर्षांत तिच्या सभासद बायकांनी आपली बँक काढली. त्या बँकेच्या ग्राहक बायकांना दोन दिवसांचं व्यवसाय-प्रशिक्षण दिलं, तेव्हा काहींना एकटीने यायला सांगितलं, काहींना मैत्रिणीला घेऊन. चार महिन्यांनी पाहिलं तर मैत्रिणीसोबत आलेल्यांनी धंद्यासाठी कर्जं जास्त घेतली होती आणि त्यांच्या घरचं उत्पन्नही वाढलेलं होतं. ज्यांच्यावर घरची बंधनं जास्त, त्यांच्यात हा परिणाम अधिक ठळक होता. अभ्यासक्रम एकच होता, शिक्षक तेच. शेजारच्या खुर्चीत कोण बसलं आहे, एवढ्यानेच हा फरक पडला.

प्रशिक्षणाविषयी आणखी एवढंच. जमा-खर्च, किंमत ठरवणं, नोंदी ठेवणं हे नेहमीचं शिक्षण सोडू नका, पण त्याच्याकडून फार अपेक्षाही ठेवू नका. टोगोमध्ये दीड हजार छोट्या धंदेवाल्यांवर तुलना झाली. नेहमीच्या प्रशिक्षणाने नफ्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. स्वतःहून पुढाकार घेणं, अडचणीला दुसरी वाट काढणं, शेजाऱ्यापेक्षा वेगळं काही करणं, याचा सराव करून घेणाऱ्या प्रशिक्षणाने नफा सरासरी ३० टक्क्यांनी वाढला आणि बायकांचा ४० टक्क्यांनी. वरची तीन प्रश्नांची फेरी हा तसलाच सराव आहे, आणि त्याला सभागृहाचं भाडं लागत नाही.

तुम्ही सामूहिक उद्योगाची कल्पनाही मांडली आहे : एक जागा, दोन यंत्रं, पंधरा बायका मिळून काम. कृपा करून करू नका. हे माझं मत आहे, आणि त्याला अपवाद आहेत हे मान्य करूनही ते मी बदलणार नाही. अनुदानातून आलेलं यंत्र सगळ्यांचं असतं म्हणजे कुणाचंच नसतं. ते बिघडलं की पंधरा जणी एकमेकींच्या तोंडाकडे बघतात. जी रोज लवकर येते आणि जी आठवड्यातून दोनदा येते, त्यांना सारखं वाटप केलं तर पहिली सोडून जाते. कामाप्रमाणे केलं तर हिशोब ठेवणारीवर संशय येतो. दोन-तीन वर्षांत सगळी सूत्रं अध्यक्षबाईंच्या हातात जातात आणि बाकीच्या त्यांच्याकडे रोजंदारीवर येतात. मी स्वतः उभा केलेला असा एक उद्योग याच वाटेने बंद पडला. त्या यंत्रावर आता कपडे वाळतात, असं मध्यंतरी कळलं.

एकत्र करायच्या त्या दोन गोष्टी : खरेदी आणि विक्री. मधलं काम जिचं तिचं. कच्चा माल ठोकीने एकत्र घेतला की दर सुधारतो, आणि मोठी मागणी एकटीला पेलत नाही ती सहा जणींमध्ये वाटून पुरी करता येते. पण कुणी किती माल दिला, कितीचा परत आला, हे ज्याच्या त्याच्या नावावर राहतं. खराब माल कुणाचा ते कळतं. इथे गटाच्या ओळखीचा खरा उपयोग होतो, कारण कुणाचा हात चांगला आणि कोण वेळ पाळतं हे शेजारणींना आधीपासून ठाऊक असतं. बाहेरच्या व्यापाऱ्याला ते कळायला वर्ष लागलं असतं.

गरिबी कमी करणं हा उद्देश तुम्ही लिहिला आहे, म्हणून हेही लिहायला हवं : सगळ्यात गरीब बाई तुमच्या गटांत नाही. गट बांधताना बायकाच एकमेकींना निवडतात, आणि जिला बचत भरता येणार नाही तिला कुणी घेत नाही. कुणी दुष्ट असतं म्हणून नव्हे, हप्ता बुडेल म्हणून. कधीकधी ती स्वतःच दूर राहते. वस्तीत फेरी मारून पाहा : एकटी, मोठं आजारपण असलेली, घरात कमावतं दुसरं कुणी नसलेली. तिला कर्ज दिलंत तर तिला आणखी खड्ड्यात घालाल. बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ संस्थेने हे ओळखून २००२ मध्ये वेगळा कार्यक्रम सुरू केला. आधी काही महिने पोटापुरता भत्ता, मग कर्ज न देता थेट उत्पन्न देणारी वस्तू, ती सांभाळण्याचं शिक्षण, बचत, औषधपाण्याची सोय, आणि जवळपास दोन वर्षं दर आठवड्याला घरी येऊन विचारपूस करणारा कार्यकर्ता. हीच रचना इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरूमध्ये तपासली गेली. मदत संपल्यावर वर्षानेही बहुतेक ठिकाणी खाणं-पिणं, उत्पन्न, मालमत्ता यांत सुधारणा टिकून होती. होंडुरासमध्ये मात्र पुष्कळांनी कोंबड्या घेतल्या होत्या, त्या रोगाने मेल्या आणि तिथे फळ टिकलं नाही. सगळ्यांना एकच वस्तू वाटू नका, हे पुन्हा इथेही आलंच.

हा कार्यक्रम महाग असतो, तुम्हाला पावणेदोनशे जणींसाठी झेपणार नाही. दहा जणींसाठी झेपेल. आणि घरी येऊन विचारपूस करणारी ती व्यक्ती तुमच्या त्या अकरा यशस्वी बायकांपैकी असू शकते, मानधन देऊन. फुकट राबवू नका. बायकांचा वेळ फुकटात मिळतो असं समजून आखलेल्या कार्यक्रमांनी बायकांचं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं सावकारांनीही केलं नसेल, असं मला कधीकधी वाटतं. तुमच्या महिन्यातल्या बैठका, मेळावे, सर्वेक्षणं, पाहुण्यांसमोर बसणं, सगळे तास एकदा मोजा. त्या तासांत दुकान बंद असतं.

मुलांचा प्रश्नही या वेळेशीच बांधलेला आहे. पाठीवर मूल घेऊन गिऱ्हाईक सांभाळणारी बाई लांबची मागणी घेऊच शकत नाही, मग तिची वाढ तिथेच खुंटते. दोन-तीन गटांनी मिळून एका बाईला पगार देऊन मुलं सांभाळायला ठेवलं, तर तो एकीचा धंदा होईल आणि दहा जणींचा मोकळा होईल. आणि आजारपणासाठी छोटा निधी धंद्याच्या पैशापासून पूर्ण वेगळा ठेवा, वेगळ्या पेटीत किंवा वेगळ्या खात्यात. ठीक चाललेले लहान धंदे बाजाराने बुडताना मी कमी पाहिले. दवाखान्याच्या एका बिलात भांडवल संपून बंद झालेले पुष्कळ पाहिले.

राहिला महासंघ. १४ गटांकडे एकत्र विकण्यासारखं किंवा एकत्र मागण्यासारखं काही असेल, तेव्हा तो आपोआप लागेल, आणि तेव्हा बायकाच तुमच्याकडे येऊन म्हणतील. त्याआधी बांधलात तर पदांच्या निवडणुका, प्रवासखर्चाची बिलं आणि आणखी एक रजिस्टर एवढंच हाती येईल. पदांवर मात्र आत्ताच मर्यादा घाला. चार वर्षं एकच अध्यक्ष असलेले गट किती आहेत, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

आणि पुढच्या बैठकीपासून एक छोटा बदल करा. वसुलीचं रजिस्टर सुरुवातीला उघडायची सवय असेल तर ते शेवटच्या दहा मिनिटांत उघडा. आधी प्रत्येकीने सांगायचं : या महिन्यात नवं गिऱ्हाईक कुठून आलं, कुठला माल पडून राहिला, आणि धंद्यातून स्वतःसाठी किती काढले. पहिले दोन महिने सगळ्या गप्प बसतील. तिसऱ्या महिन्यात कुणीतरी पडून राहिलेल्या मालाबद्दल बोलेल, आणि दुसरी कुणीतरी म्हणेल की तो कुठे खपतो ते मला माहीत आहे. तिथून पुढचं मला पुन्हा लिहून कळवा.